सहावं रीळ

मागची खोली बाबांची होती, आणि बाबा गेल्यावर तिच्या कडीला हात लावायला घरात कुणी धजावत नव्हतं. शेवटी आईनेच एका दुपारी दार ढकललं, खिडकीवरचा काळा कागद टराटरा फाडला आणि रुमालाने नाक दाबून मुलीला म्हणाली, "हे सगळं एकदाचं मार्गी लाव बाई. मला इथे शिलाई मशीन ठेवायचंय. उजेड चांगला आहे."

'हे सगळं' म्हणजे सिनेमाची पोस्टरं आणि फिल्मची रिळं. पोस्टरं कपाटात मावेनाशी झाली तेव्हा गाद्यांखाली गेली, त्यामुळे या घरातली माणसं वर्षानुवर्षं नट-नट्यांवर झोपत आली होती. बाबा औषधाच्या दुकानात काउंटरवर असायचे. त्या काळी कुठे काय मिळेल हे कळायला दोनच साधनं होती, कान आणि पाय. बाबांचे पाय दुकानाला बांधलेले, म्हणून त्यांनी कान पसरले. औषध कंपन्यांचे एमआर गावोगाव फिरत, ते सगळे बाबांचे हेर झाले. कुठलं थिएटर बंद पडतंय, कुठल्या गोदामात जुने डबे पडलेत, कुठल्या भिंतीवर पोस्टरांचे थर साचलेत, ही खबर खोकल्याच्या औषधाच्या नमुन्यांबरोबर काउंटरवर यायची. मग सुट्टीच्या दिवशी बाबा पहिल्या बसने निघायचे आणि संध्याकाळी काखेत गुंडाळी, अंगभर धूळ आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा भाव घेऊन परत यायचे.

भिंतीवरून पोस्टरांचा अख्खा थर निघाला की तो घरी आणून चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायचा आणि एकाखालचं एक पोस्टर हलक्या हाताने सोडवायचं, हे त्यांचं तंत्र. किटली अर्थातच आईची.

"चहाला खळीचा वास येतोय," आई म्हणायची.

"वरचं पोस्टर अगदीच सुमार होतं," बाबा म्हणायचे, "पण खाली काय निघालंय ते बघ तरी!"

मुलीने आता लोखंडी मांडणीवरचे डबे पुसायला घेतले. डबे पुष्कळ होते, पण बहुतेकांत जाहिराती, बातमीपट, कुठल्या कुठल्या सिनेमांचे तुकडे. पूर्ण म्हणता येईल असा सिनेमा एकच होता, आणि तोसुद्धा अर्धा. पहिलं, तिसरं, पाचवं आणि सातवं अशी चार रिळं या घरात होती. दुसरं, चौथं आणि सहावं चष्मेवाल्या काकांकडे.

चष्मेवाले काका म्हणजे बाबांचे जिवलग मित्र. औषधाच्या दुकानासमोरच त्यांचं चष्म्यांचं दुकान. एका फिरत्या सिनेमावाल्याने धंदा गुंडाळला तेव्हा तंबू, खुर्च्या, प्रोजेक्टर आणि एक जुना कृष्णधवल सिनेमा त्याने विकायला काढला. दोघांनी मिळून सिनेमा घेतला. आता तो ठेवायचा कुणाकडे? बाबा म्हणाले, माझ्याकडे प्रोजेक्टर आहे. काका म्हणाले, माझ्याकडे कोरडी खोली आहे. शेवटी काकांनीच तोड काढली. "हे बघ, एकाच्या घरी ठेवला तर दुसरा पाहुणा होणार. विषम तू घे, सम मी घेतो. शेवट तुझ्याकडे, पण मधला सगळा मसाला माझ्याकडे. म्हणजे एकट्याला बघायची सोयच नको."

आणि तसंच झालं. वर्षातून एकदा काका सायकलच्या कॅरियरला तीन डबे बांधून यायचे, चादर ताणून बांधली जायची आणि दोघं मित्र आपला एकुलता एक सिनेमा सलग बघायचे. मुलगी तेव्हा इतकी लहान होती, की पहिलं रीळ संपायच्या आत आईच्या मांडीवर झोपून जायची.

मग भांडण झालं. कशावरून, तर एका हातावरून. त्याच सिनेमाचं एक पोस्टर बाबांना मिळालं, पण उजवा कोपरा उंदरांनी खाल्लेला. नायिकेचा चेहरा शाबूत, हात मनगटापासून गायब. बाबांनी ते कापडावर चिकटवून घ्यायला काकांकडे दिलं, कारण काकांचा हात फार स्थिर. काकांनी ते सुंदर चिकटवलं आणि मित्राला खूश करावं म्हणून गेलेला हातही रंगवून टाकला. हातात छत्री दिली.

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "छत्री कुठून आली?"

"मग काय तिला थोटी ठेवू?"

"थोटी तर थोटी! उंदरांनी जे खाल्लं ते खाल्लं. तू तुझ्या मनचं घालणारा कोण?"

"मनचं? शंभर टक्के छत्री होती. फुलं असती तर बोटं अशी वळली असती का?"

"बोटं तूच काढलीस रे!"

बोलाचाली वाढत गेली आणि मग बोलणंच थांबलं. दोन्ही दुकानं समोरासमोर. इकडून हे औषधं द्यायचे, तिकडून ते काचा घासायचे, आणि मधल्या रस्त्याकडे दोघंही बघायचे नाहीत. रिळं जिथल्या तिथे राहिली. काका अर्धा सिनेमा घेऊन बसले, बाबा अर्धा.

पण बाबांना सिनेमा दाखवल्याशिवाय चैन पडेना. मुलगी थोडी मोठी झाली तसं त्यांनी गल्लीतली पोरं जमवून विषम रिळंच दाखवायला सुरुवात केली. एक रीळ संपलं, की ते उलटं गुंडाळायचं, डब्यात घालायचं, पुढचं चढवायचं, दातऱ्यांतून फिल्म ओवून घ्यायची. यात बराच वेळ जायचा. तेवढ्या वेळात, पाठमोरे राहून, हाताने काम चालू ठेवत बाबा मधलं रीळ तोंडाने सांगायचे. "तर मंडळी, दरम्यानच्या काळात..." अशी सुरुवात व्हायची. त्या गल्लीतल्या पोरांची बरीच वर्षं अशी समजूत होती, की सिनेमा हा असाच असतो, थोडा दिसतो आणि थोडा ऐकायचा. त्यातला एक पुढे खऱ्या थिएटरात गेला आणि मध्ये कुणी काही सांगेना म्हणून हिरमुसून परत आला.

मुलगी दाराशी उभी राहून वहीच्या कागदाची तिकिटं फाडायची, म्हणून बाबा तिला 'डोअरकीपर' म्हणायचे. शेवटपर्यंत म्हणत राहिले. ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, तिथून फोन करायची, तेव्हाही पलीकडून पहिला शब्द तोच. "बोला डोअरकीपर, हाऊसफुल्ल का?"

सिनेमाची गोष्ट साधी होती. नदीकाठी राहणारा एक होडीवाला, आणि त्याची मुलगी. मुलगी शिवण शिकायला शहरात जाते आणि तिथलीच होते. पाचव्या रिळाच्या शेवटी म्हातारा आपला एकुलता एक बरा कोट अंगात घालून, तिला भेटायला म्हणून आगगाडीत बसतो. सातवं रीळ सुरू होतं तेव्हा मुलगी नदीकाठच्या घरात एकटी आहे. एकेक खिडकी लावते, वडिलांचा कोट हातावर घेते आणि बाहेर पडते. संपलं.

या दोहोंच्या मध्ये सहावं रीळ. आणि सहावं रीळ बाबा दरवेळी वेगळं सांगायचे. मुलीला गणितात कमी गुण पडले त्या वर्षी होडीवाल्याची लेकही शिवणाच्या परीक्षेत नापास झाली आणि म्हाताऱ्याने तिला काय छान समजावलं! एका वर्षी म्हातारा भलत्याच स्टेशनावर उतरला आणि महिनाभर बेकरीत पाव भाजत राहिला. मात्र शेवटी ती दोघं भेटायचीच. भेटून म्हातारा म्हणायचा, "चल, आता घरातलं सामान आवरू आणि शहरात एकत्र राहू."

"मग शेवटी तो दिसत का नाही?" तिने एकदा विचारलं होतं.

"बाहेर गाडीत बसलाय ना," बाबा म्हणाले होते. "सामान धरून. कॅमेरा तिथपर्यंत गेला नाही."

आता चारही डबे पुसून झाल्यावर तिने शहरातल्या चित्रपट संग्रहालयाला फोन लावला. तिथल्या बाईंचा आवाज कामसू आणि बरा होता. सिनेमाचं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. "त्याची एकही प्रत आमच्याकडे नाही. कुणाकडेच नसावी. सगळी रिळं आहेत ना?"

"आहेत. म्हणजे, निम्मी दुसरीकडे आहेत."

"मग ती मिळवा. सुटी रिळं ठेवायला आमच्याकडे खरंच जागा नाही हो. आणि आणखी एक, डबे उघडून हवा लागू द्या. बंद राहिले की व्हिनेगरसारखा वास सुटतो, आणि मग फिल्म हाती लागत नाही."

तिने फोन ठेवला आणि आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती.

"त्या चष्मेवाल्याच्या पायऱ्या चढणार तू? हे गेले तेव्हा रस्ता ओलांडून भेटायला आला नाही तो."

"आई, नाहीतर भंगारात जाईल गं. बाबांनी एवढा जीव लावला..."

"त्यांनी कशाकशाला जीव लावला ते मला नको सांगू," आई म्हणाली. मग भाजीकडे बघतच म्हणाली, "जाताना चष्मा घेऊन जा माझा. दांडी ढिली झालीय. निमित्त होईल."

काका खूप म्हातारे झाले होते. त्यांनी चष्मा हातात घेतला, उलटसुलट केला आणि छोट्याशा स्क्रूड्रायव्हरने दांडी आवळली. मग एकदम म्हणाले, "ही फ्रेम मीच दिलेली आहे वहिनींना."

"हो काका."

"मी येणार होतो. दोनदा चपला घातल्या." त्यांनी चष्म्याच्या काचा पुसायला घेतल्या, त्या स्वच्छच होत्या. "पण रस्ता ओलांडून गेलो असतो आणि तो नसता. मग कुणासाठी ओलांडायचा?"

तिने रिळांचं सांगितलं. तिला वाटलं होतं काका आढेवेढे घेतील, जुनं उकरून काढतील. पण ते लगेच उठले आणि तिला दुकानामागच्या कोरड्या खोलीत घेऊन गेले. तीन डबे वरच्या फळीवर होते. प्रत्येक डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, कडेने चिकटपट्टीचे थरावर थर, आणि वरून मेण.

"भांडण झालं त्याच आठवड्यात सील केले," काका अभिमानाने म्हणाले. "धुळीचा कण जायला नको. तुझा बाप घासून घासून चालवत असेल आपली, मला ठाऊक आहे. माझी बघ, नवीच्या नवी असतील."

"तुम्ही एकदाही पाहिली नाहीत?"

"अर्धा सिनेमा कुणी एकटं बघतं का?"

बाईंचं फोनवरचं बोलणं तिला आठवलं. काकांनी ब्लेडने पट्टी कापली आणि झाकणाशी झटापट केली. झाकण निघण्याआधीच वास आला, डोळ्यांना झोंबणारा आंबट वास. आत रीळ नव्हतंच म्हणायला हवं. तपकिरी, फुगलेली, एकसंध वीट होती. काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कड उचलून पाहिली. वाळक्या पानासारखा तुकडा निघाला आणि बोटांत चुरला. दुसऱ्या डब्यात तेच. तिसऱ्याचं झाकण त्यांनी अर्धवट उचललं आणि परत लावलं.

"एवढं जपलं," ते म्हणाले.

ती त्यांच्याजवळ स्टुलावर बसली. बाबा असते तर म्हणाले असते काहीतरी, निदान खवट तरी.

"त्याची कशी आहेत?" काकांनी विचारलं.

"ओरखडे आहेत पुष्कळ. पण चालतात."

"दरवर्षी दाखवायचा?"

"दरवर्षी."

"अर्धाच?"

"अर्धा दाखवायचे. अर्धा सांगायचे."

काकांनी हातातला चुरा कागदावर झाडला आणि कागदाची व्यवस्थित पुडी बांधली. मग म्हणाले, "काय सांगायचा?"

संग्रहालयाच्या बाईंना तिने पुन्हा फोन केला. गयावया करायची नाही असं ठरवून केला होता, पण थोडी केलीच. "तो सिनेमा पूर्ण पाहिलेलं कुणी आहे का हयात?" बाईंनी विचारलं. "मधल्या रिळांत काय होतं ते कुणी नीट सांगितलं, आणि ते ध्वनिमुद्रित करून चार रिळांसोबत ठेवता आलं, तर मी वरिष्ठांशी भांडेन. पण नक्की माहिती हवी हं. ऐकीव नको."

ठरल्या दिवशी दुपारी बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. खिडकीला पुन्हा काळा कागद लागला. काका इस्त्रीचा शर्ट घालून, रिकाम्या हाताने आले आणि दारातच घुटमळले. आई समोर उभी होती.

"या," आई म्हणाली. "रस्ता सापडला म्हणायचा."

"वहिनी, मी..."

"बसा. चहा ठेवलाय. आणि दांडी परत ढिली झालीय."

मुलीने प्रोजेक्टर लावला. पहिलं रीळ झालं, काकांनी दुसरं सांगितलं. तिसरं झालं, चौथं सांगितलं. नेमकं सांगत होते ते, चष्म्याचा नंबर काढावा तसं. कुठे दिवा होता, कुणी काय घातलं होतं, कॅमेरा कुठून कुठे गेला. बाई मान डोलवत होत्या, टेप फिरत होती. मुलगी पाठमोरी राहून फिल्म ओवत होती आणि ऐकत होती. चौथ्या रिळात बाबांनी घातलेली सर्कस मुळात नव्हतीच, हे ऐकून तिला हसू आलं.

पाचव्या रिळात म्हातारा कोट घालून गाडीत बसला. पडदा पांढरा झाला. तिने प्रोजेक्टरचा दिवा बंद केला, सातव्याचा डबा पुढ्यात घेतला आणि तिचे हात थांबले.

इतका वेळ तिला सिनेमाची काळजी होती. आता कळलं, की भीती वेगळीच आहे. काका पुढचं बोलले, की ते टेपवर जाईल, कायमचं. मग म्हातारा बेकरीत पाव भाजणार नाही. बाहेर गाडीत सामान धरून बसणार नाही. बाबांनी तिच्यासाठी रचलेलं सगळं सहावं रीळ एका वाक्यात पुसलं जाईल. आणि काका बोलले नाहीत, तर हे चार डबे भंगारात.

काकांच्याही ते लक्षात आलं असावं. ते तिच्याकडे झुकून खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या बाबाने कसं सांगितलं होतं? म्हणजे... तसंच सांगू का? मला काय, मी शपथेवर सांगेन."

"काका, बाईंना खरं हवंय."

"छत्रीच्या वेळी मी मनचं घातलं तर किती बोलला होता मला. आणि स्वतः?"

"त्यांनी मनचं नाही घातलं," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"मी घालायला लावलं. पहिल्या वर्षी मीही बसले होते बघायला. माझे वडील नुकतेच गेले होते. सहाव्या रिळात तो म्हातारा गेला तशी मी उठून आत गेले ती गेलेच. पुढे हे म्हणाले, पोरीला दाखवतो. मी म्हटलं, दाखवा, पण त्या म्हाताऱ्याला मारायचं नाही. या घरात नाही. तर म्हणाले, अगं रीळच नाही आपल्याकडे, चष्मेवाल्याकडे आहे, मारणार कशाने?" आईने ट्रे खाली ठेवला. "त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं मला, तुम्ही दोघं भांडलात याचं."

मुलगी आईकडे बघत राहिली. या खोलीचा नुसता वैताग करणारी ही बाई इतकी वर्षं भिंतीपलीकडून आपलंच रीळ ऐकत होती.

"आता सांगा तुम्ही," आई काकांना म्हणाली. "मोठी झालीय ती."

काकांनी मुलीकडे पाहिलं. तिने फिल्मचं टोक दातऱ्यांत बसवलं आणि मान हलवली.

मग काकांनी सांगितलं. म्हातारा शहरात पोहोचतो. मुलीचं शिवणाचं दुकान शोधून काढतो. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. काचेतून ती दिसते, मैत्रिणींत बसलेली, काहीतरी बोलून खळखळून हसणारी. तो बराच वेळ बघत राहतो. एकदा रस्त्यात पाऊल टाकतो आणि मागे घेतो. मग तसाच स्टेशनवर जातो. परतीच्या गाडीत त्याला ताप भरतो. ती नदीकाठी येऊन पोहोचते तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

"तो आला होता, हे तिला कधी कळतच नाही," काका म्हणाले. "ते फक्त बघणाऱ्यांना ठाऊक." ते चष्मा काढून पुसू लागले.

तिने दिवा लावला. पडद्यावर होडीवाल्याची मुलगी नदीकाठच्या घरात एकेक खिडकी लावू लागली. दरवर्षी पाहिलेलं रीळ. पण आज तिला दिसलं, की ती मुलगी घाई अजिबात करत नाही, आणि तो कोट हातावर घेताना आधी त्याची कॉलर नीट करते. ओरखड्यांच्या पावसातून ते सगळं स्पष्ट दिसत होतं. तिला रडू येत होतं आणि त्यात सल नव्हता. आईने अंधारात तिच्या पाठीवर हात ठेवला. मग पडदा पांढरा झाला.

बाईंनी टेप थांबवली नव्हती. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही मघाशी म्हणालात ते, बाबांचं... तेही घेऊ का? वेगळं म्हणून नोंदवता येईल. या प्रतीचे खेळ असेच होत होते ना इतकी वर्षं? मग तीही या प्रतीचीच माहिती झाली."

"घ्या," मुलगी म्हणाली. "पण ते दरवेळी बदलायचं. कुठलं सांगू? बेकरीचं सांगते. तर म्हातारा भलत्याच स्टेशनावर उतरतो, आणि तिथे..."

"आधी त्याचं पाकीट मारलं जातं," आई म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि टेपरेकॉर्डरसमोर बसली. "पाकीट मारलं जातं म्हणून तो बेकरीत राहतो. तू मधलं गाळतेस. सरक जरा. मी सांगते."

"पाकीट?" काका म्हणाले. "अहो वहिनी, त्या म्हाताऱ्याकडे पाकीटच नव्हतं, कमरेला कापडी पिशवी होती, मी स्वतः..."

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. "तुम्ही होतात कुठे? हं, तर दरम्यानच्या काळात..."